बिनकुंकवाचं यंत्र

“श्वास धर, पोरी. तार टेकू दे. टेकली? आता सोड.”

अनसूयामावशीचा हा आवाज पहिल्यांदा कानाशी आला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि सूक्ष्मदर्शकाच्या दोन नळ्यांना डोळे लावून घामाघूम झाले होते. भिंगाखाली तांदळाच्या कणीएवढी सिलिकॉनची चिप. तिच्यापासून बाजूच्या धातूच्या पिनपर्यंत सोन्याची तार न्यायची होती, केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी बारीक. मी श्वास सोडला आणि तार तुटली.

“किती झाल्या?”

“सात.”

“मग बरं हाये. मी पहिल्या दिवशी चाळीस तोडल्या. साहेब म्हणाले, अनसूयाबाई, सोनं आहे ते, शेवया नाहीत.” मास्कच्या आत ती हसली. डोळ्यांच्या कडांवरून कळलं.

ही गोष्ट शहाण्णव सालची. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची पत्र्याची शेड होती. बाहेर लेथ, कॉम्प्रेसर, दोन भट्ट्या. आणि शेडच्या पोटात एक काचघर. काचघरात गाळलेली हवा, पांढरे अंगरखे, डोक्याला टोप्या. तिथं आम्ही दाब मोजणारे सेन्सर बनवायचो. आम्ही म्हणजे तार जोडणारी अनसूयामावशी, तिच्या हाताखालच्या चार बायका, तपासणी करणारी मी, आणि ज्यांनी हा संसार मांडला ते अष्टपुत्रे सर.

सर सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आले होते. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात सतत एक चिमटा. “या देशात सेन्सर विकणारे गल्लोगल्ली आहेत, वाघचौरे,” मला म्हणायचे, “बनवणारे बोटावर मोजून घ्या. आणि त्या बोटांतलं एक आपण. करंगळी का असेना!” करंगळीचे हाल मात्र होते. चिप बाहेरून यायची, तार बाहेरून यायची, बंदरात महिना महिना अडकायची. सुट्या भागांवर शुल्क जास्त आणि तयार मालावर कमी. त्यामुळे परदेशी सेन्सर आयता आणणाऱ्याचं फावायचं. वर आमच्याकडे दर आठवड्याला वीज जायची. वीज गेली की काचघरातला वारा थांबायचा आणि सर मुकाट्याने दाराला कुलूप घालून पायरीवर बसायचे.

अनसूयामावशी सिन्नरकडची. लग्न होऊन नाशकात आली आणि सराफ बाजारात एका पटवेकऱ्याकडे मंगळसूत्रं ओवायला लागली. सर आपल्या बायकोची पोत गाठवायला तिथं गेले होते. काळे मणी दोऱ्यात कसे सरकन चढतायत ते बघत राहिले आणि पोत विसरून तिलाच विचारलं, “बाई, याहून बारीक काम कराल का?” ती म्हणाली, “याहून बारीक काय असतंय?” सहा वर्षं झाली होती त्याला.

तिची कामाची रीत मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. भिंगावर डोळे ठेवले की ती मनात ओवी धरायची. अर्ध्या ओळीला तारेचं एक टोक टेकायचं, उरलेल्या अर्ध्या ओळीत तारेची कमान उचलायची, ओळ संपली की दुसरं टोक टेकायचं, आणि दोन ओळींच्या मध्ये श्वास. सगळं आतल्या आत. बाहेर फक्त मास्क जरासा हलायचा. एकदा मी फार मागे लागले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिनं म्हणून दाखवली.

“सोनियाचा धागा बाई, दिसंना डोळ्याला
बांधिते मी घर त्याने, इवल्या जिवाला.”

“ही कुठली?”

“कुठली काय? माझीच. आईच्या जात्यावरच्या ओव्या जात्याच्या वेगाच्या. या मशिनीला नवी लागली.”

काचघराच्या दाराबाहेर एक फळी होती. फळीवर आरसा, ओला कपडा, आणि मावशीचा पितळी करंडा. आत जाताना अंगावर काहीही भुकटीचं चालायचं नाही, पावडर नाही, काजळ नाही, कुंकू तर नाहीच. बाकीच्या बायका टिकली लावायच्या, ती चालायची. मावशीला टिकलीनं कपाळावर पुरळ उठायचं. शिवाय तिचं कुंकू वणीच्या गडावरून आणलेलं, काळपट लाल, ठसठशीत. ते ती रोज सकाळी दारात उभी राहून पुसायची, जेवायला बाहेर आली की लावायची, परत जाताना पुसायची, संध्याकाळी लावून घरी जायची.

“दिवसातून दोनदा विधवा होते नि दोनदा सवाशीण,” ती म्हणायची. “आमच्या ह्यांना सांगितलं, तुमचं कसं काय जगणं चाललंय देव जाणे.”

आम्ही हसायचो. ती पुसताना मात्र हसत नसे. कपडा कपाळाशी नेण्याआधी क्षणभर थांबायची, आरशाकडे पाठ करायची आणि मग पुसायची. सर तिथंच घड्याळ घेऊन उभे असायचे. बरोबर साडेआठला दार लागलं पाहिजे.

त्या वर्षी आम्हाला साठ सेन्सर नमुन्याचे द्यायचे होते. पुण्याची एक कंपनी नवव्या महिन्याआधीच जन्मलेल्या बाळांसाठी यंत्र बनवत होती. बाळाचा श्वास सुरू आहे का, हे क्षणाक्षणाला सांगणारं. आतापर्यंत ते सेन्सर बाहेरून आणत. आमचे साठ पास झाले तर वर्षाचं काम आमचं. नाही झाले तर काय, तेही ठरलं होतं. सरांच्या खणात एका परदेशी कंपनीचं पत्र होतं: तुम्ही बनवू नका, आमचे विका. पत्राला उत्तर द्यायची तारीख दसऱ्यानंतर महिन्याभराची होती. विकायला काचघर लागत नाही. तार जोडणाऱ्या बायकाही लागत नाहीत. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मावशीनं एकदाच विचारलं, “खरंच बाळाचा श्वास कळंल यानं?”

“हो.”

“एवढासा श्वास?”

“त्याच्याहून एवढासा.”

त्यानंतर तिनं साठच्या साठ स्वतःच जोडायला घेतले. बारा बारांचे पाच ट्रे. खंडेनवमीच्या आदल्या दिवसापर्यंत चार ट्रे झाले.

खंडेनवमीला सकाळी शेड धुतली. लेथला झेंडूची माळ, भट्ट्यांना हळदकुंकू, कॉम्प्रेसरपुढे नारळ, माझ्या मोजमापाच्या मीटरलासुद्धा एक बोट. काचघराला मात्र बाहेरून नुसता हार. मावशी काचेला नाक लावून आतल्या तार जोडायच्या यंत्राकडे बघत होती.

“साहेब, सगळ्यांना लागलं. आमचं तेवढं बिनकुंकवाचं राहिलं.”

“आत देवाला बंदी आहे आणि धुळीलाही,” सर म्हणाले. “दोघंही सगळीकडे असतात, हीच अडचण.”

सगळे खोखो हसले. मावशीही हसली, पण काचेवरून हात काढताना तिनं दृष्ट काढावी तशी यंत्रावरून कानशिलाशी बोटं मोडली, लांबूनच. प्रसाद वाटला, सगळे घरी गेले. पाठमोरे सर तेवढे पायरीवर बसलेले मला दिसले.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीप्रमाणे सर्वांआधी आत गेली आणि पाचवा ट्रे केला. मग साठही सेन्सर आम्ही पारदर्शक लेपाने झाकले आणि दमट भट्टीत घातले. ऊन आणि ओल, दोन्हीचा मारा, सहा दिवस. रोज आकडे घ्यायचे. आकडा जागचा हलायला नको, एवढीच परीक्षा.

पाचव्या दिवशी नऊ सेन्सर हलले.

मी तीनदा मोजलं. मीटर बदलला. तरी नऊच. नऊच्या नऊ पाचव्या ट्रेतले. पहिले चार ट्रे असे स्थिर की दृष्ट लागावी. मी एकेक सेन्सर भिंगाखाली घेतला. लेपाच्या आत, सोन्याच्या तारेच्या पायाशी, एक कण होता. प्रत्येकात. कुठं एक, कुठं दोन. काळपट लाल.

पूजेचं कुंकू दुकानातलं होतं, भडक. ते मी शेजारी ठेवून पाहिलं, ते नव्हतं. मग दाराबाहेरच्या फळीवरचा करंडा उघडला, चिमटीतला एक कण काचपट्टीवर ठेवला, आणि भिंगाखाली दोन्ही कण सख्ख्या बहिणींसारखे दिसले. कुंकवात हळद असते, चुना असतो. ओल लागली की तो कण जागा होतो आणि विजेला नको ती वाट काढून देतो. सगळं सरळ होतं. काचघराच्या किल्ल्या दोनच होत्या. एक सरांकडे, एक मावशीकडे. सर देव मानत नव्हते. खंडेनवमीला काचेशी उभी राहून हळहळलं कोण, तेही सगळ्यांनी ऐकलं होतं.

मी अहवाल लिहिला. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं: पूजेसाठी यंत्राला कुंकू लावल्यामुळे, ऑपरेटरची चूक. खाली नाव लिहिलं, अनसूया आव्हाड. अक्षर चांगलं आलं होतं. आजही ते अक्षर डोळ्यांपुढे येतं.

सरांनी अहवाल वाचला. दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “ठीक आहे.” बास, इतकंच.

मी मावशीला दाराशी गाठलं. “मावशी, का केलंस गं असं? मला तरी विचारायचंस!”

तिनं काचपट्टीवरचा कण पाहिला. मग करंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ.

“कुंकू माझंच हाये,” ती म्हणाली.

“लावलंस कधी?”

“माझंच हाये म्हणलं ना, पोरी.” आणि करंड्याचं झाकण तिनं घट्ट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून सबनीस आले. कंपनीचे गुणवत्ता बघणारे. गोल चेहरा, मऊ आवाज, आणि आवाजापेक्षा कितीतरी कडक नजर. शेडमध्ये फिरले, काचेतून डोकावले.

“चिप बाहेरची, तार बाहेरची, लेपसुद्धा बाहेरचा,” ते म्हणाले. “अष्टपुत्रे, राग मानू नका, यात तुमचं काय आहे हो?”

“हात,” सर म्हणाले.

“तेच हात बघायला आलोय.”

मी आकडे मांडले. सबनिसांनी पहिले चार ट्रे पाहिले आणि खुर्चीत पुढे सरकले. “हे आम्ही बाहेरून आणतो त्याच्याहून बरे आहेत.” मग पाचवा ट्रे पाहिला. मग माझा अहवाल. अहवाल वाचताना ते आधी हसले आणि नंतर हसेनासे झाले.

“कुंकू?”

“हो.”

“बाळाच्या श्वासाच्या सेन्सरमध्ये कुंकू.” त्यांनी कागद खाली ठेवला. “या आव्हाड कोण?”

मावशी भिंतीशी उभी होती. पुढे आली. कपाळ पुसलेलं होतं, कामाची वेळ होती ना. “मी, साहेब. कुंकू माझंच हाये.”

“किती वर्षं काम करताय?”

“सहा.”

“सहा वर्षांनी कळू नये? अहो, यात एखाद्या आईचं...” ते थांबले. सरांकडे वळले. “अष्टपुत्रे, मला पंचाईत नको. ह्या बाईंना यंत्रावरून उठवा. लिहून द्या, की उठवलं. मग मी फेरतपासणीचं बघतो. नाहीतर हा कागद घेऊन मी वर काय तोंड दाखवू?”

मावशीनं डोक्यावरची टोपी काढली. मग अंगरख्याचा वरचा बंद सोडला. घाई नाही, थरथर नाही. तार जोडताना जशी बोटं चालायची तशीच चालत होती. दुसरा बंद. मी, जिनं ते नाव त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, जमिनीकडे बघत राहिले.

“अनसूयाबाई,” सर म्हणाले, “बंद लावा.”

तिनं मान हलवली. “राहू द्या, साहेब. काचघर राहिलं पायजे.”

“बंद लावा म्हणतो ना!” सरांचा आवाज चढलेला मी तेव्हाच काय तो ऐकला. मग ते सबनिसांकडे वळले आणि अगदी हळू बोलले. “कुंकू त्यांचं आहे. लावलं मी. खंडेनवमीला, सगळे गेल्यावर. माझ्या किल्लीनं आत गेलो, त्यांच्या करंड्यातलं घेतलं आणि यंत्राला लावलं. दसऱ्यानंतर त्यांनी आत जाऊन ते पुसलं असणार. पुसताना कण उडाले.”

मला आधी कळलंच नाही. मी मावशीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते, चोरी तिची पकडली गेल्यासारखे.

“तुला ठाऊक होतं?” मी कुजबुजले.

“किल्ल्या दोनच हायेत, पोरी,” ती म्हणाली. “तुलाबी मोजता येतंय की.”

सबनीस सरांकडे वळले. “तुम्ही? तुम्ही तर आम्हाला हवेतल्या धुळीवर दोन तास व्याख्यान दिलं होतंत.”

“दिलं होतं.”

“मग नवस बोलला होता की काय सेन्सरला?”

सरांचे कान लालबुंद झाले होते.

सबनीस उठले, काचेपर्यंत गेले, परत आले. “ज्या मालाचं कारण सापडत नाही तो मला झोपू देत नाही. याचं कारण सापडलंय, दोन कबुल्यांसकट. पंधरा दिवस देतो. साठ नवे. जोडणाऱ्या ह्याच बाई.” दाराशी जाऊन वळले. “आणि अष्टपुत्रे, तुमची किल्ली ह्यांच्याकडे द्या.”

सरांनी खरोखरच दिली.

त्या संध्याकाळी मी अहवालातलं नाव खोडलं आणि मावशीपुढे जाऊन उभी राहिले. तिनं माझी हनुवटी धरली. “चुकलीस कुठं? कण बरोबर पकडलास. माणूस पकडायला अजून वेळ हाये.” मग सरांकडे वळून तिनं विचारलं, “साहेब, एक सांगा. तुम्ही देव मानत न्हाई, धर्म मानत न्हाई. मग कशापायी लावलं?”

सरांनी खिशातला चिमटा काढला, पुसला, परत खिशात ठेवला. “भीती वाटली असेल,” म्हणाले, आणि कॉम्प्रेसर बंद करायला गेले.

नवे साठ मावशीनं जोडले. सहा दिवसांच्या भट्टीत एकही हलला नाही. काम आलं; मागितलं होतं त्याच्या निम्मं, पण आलं. परदेशी कंपनीचं ते पत्र सरांनी फाडलं नाही. त्याच्या कोऱ्या पाठीवर काचघराचे नवे नियम लिहून दारावर चिकटवले. पहिला नियम होता: मालकाने एकट्याने आत जाऊ नये.

धंद्यात ही गोष्ट पसरली. ‘कुंकवाचे अष्टपुत्रे’ हे नाव सरांना कायमचं चिकटलं. प्रदर्शनात, परिषदेत, कुणी ना कुणी विचारायचंच, “काय, यंदा अभिषेक केला का मशीनला?” सर हसायचे. खुलासा कधीच केला नाही.

अकरा वर्षं गेली. काचघराची तीन काचघरं झाली. आत चाळीस मुली बसू लागल्या. चिप अजून बाहेरूनच येत होती. आपली चिप आपण घडवू, हे सरांचं स्वप्न कागदावरून उठून एका छोट्या भट्टीपर्यंत आलं होतं, पण पुढं सरकत नव्हतं. आणि एका शनिवारी अनसूयामावशी निवृत्त झाली.

नारळ झाला, साडी झाली, फोटो झाले. मुलींनी हट्ट धरला म्हणून मावशीनं ओवी म्हटली, पहिल्यांदाच सगळ्यांदेखत, मोठ्यानं.

“इवल्या गं काचेमधी, इवलासा श्वास
तुझ्या माझ्या हातावरी, त्याचा विसवास.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाला सुचलंच नाही.

मग ती म्हणाली, “एकदा आत जाऊन मशिनीवरून हात फिरवून येते.” आम्ही दारापर्यंत गेलो, ती, सर आणि मी. ती फळीशी उभी राहिली. सवयीनं ओला कपडा उचलला, आरशाकडे पाठ केली, आणि कपडा कपाळाशी नेला.

“आज नका पुसू,” सर म्हणाले.

“नियम हाये, साहेब.”

“काचघर सोमवारी धुऊन घेऊ. आज तसंच जा आत.”

तिचा हात तसाच राहिला. सरांचे केस पांढरे झाले होते, आणि कान तेव्हासारखेच लाल.

“तेव्हा तुम्ही विचारलं होतंत,” ते म्हणाले. “मी भीती म्हणालो. भीती नव्हती, अनसूयाबाई. सहा वर्षं रोज या दारात तुम्ही पाठ करून कपाळ पुसत होतात आणि मी घड्याळाकडे बघत होतो. एकदासुद्धा मान वर केली नाही. त्या दिवशी सगळ्या यंत्रांना लागलं, आणि तुम्ही काचेशी उभ्या राहून म्हणालात, आमचं तेवढं राहिलं. तुम्ही यंत्राबद्दल बोलत होतात. मला मात्र तुमचं कपाळ दिसलं. जे रोज पुसायला लावलं, त्यातलं बोटभर तरी परत लावावंसं वाटलं. तुमच्या कपाळाला हात लावायचा मला हक्क नव्हता. म्हणून यंत्राला लावलं.”